कोळंबीची शेपटी उलटी करून बघ
प्राणिशास्त्राला नवीन आहेस ना? मग आधी सोलापूरच्या मासळी बाजारातून अख्खी कोळंबी आण, पण बर्फात. इथल्या उन्हात ती लगेच मऊ पडते. आपण खातो तो जाडजूड गोळा म्हणजे झटक्यात पळायचा स्नायू. शरीराची ठेवण, म्हणजे शेपटी वाकलेली की ताठ, हे मात्र वेगळे, संथ स्नायू सांभाळतात. क्रेफिशमध्ये (कोळंबीचा गोड्या पाण्यातला नातलग) वाकवणारा संथ स्नायू पोटाच्या कातडीलगत पातळ पापुद्र्यासारखा असतो. शेपटीच्या प्रत्येक खंडात, एका बाजूला, त्याला फक्त ६ चेतापेशी: ५ आवळायला लावतात, १ आवरते. एवढ्याशा पेशींवर अख्खी ठेवण! मला अजून नवल वाटतं. लॉब्स्टरवरचा १९८० चा प्रयोगही नीट समजून घे: सेरोटोनिन टोचलं की तो वाकतो, ऑक्टोपामिननं ताठ होतो; दोन्ही चेतापेशींची निरोप देणारी रसायनं. नावं नंतर पाठ कर. आधी पापुद्रा न फाडता सोडवायला शीक.