दुसऱ्या अल्बमच्या आधी

प्रिय मित्रा,

तुमच्या नव्या गाण्यांचे डेमो, म्हणजे कच्ची रेकॉर्डिंग्ज, नीट ऐकले. बँड आता घट्ट वाजतोय, आणि ड्रमर तर कितीतरी सुधारलाय. पण दुसरा अल्बम ‘आणखी जड, आणखी फास्ट’ करायचा असं तू लिहिलंयस, तिथे मी अडखळलो. स्टुडिओचं बुकिंग करण्याआधी एवढं कर: सिंड्रेला या अमेरिकन रॉक बँडचे ‘नाइट साँग्ज’ (१९८६), ‘लाँग कोल्ड विंटर’ (१९८८) आणि ‘हार्टब्रेक स्टेशन’ (१९९०) हे तीन अल्बम याच क्रमाने ऐक.

फुगवलेले केस आणि झगमगीत कपडे बघून नाक मुरडू नकोस. ग्लॅम मेटलला, म्हणजे असा झगमगीत वेश करून वाजवल्या जाणाऱ्या जड रॉकला, हसणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते फक्त पाहिलेलं असतं, ऐकलेलं नसतं. फिलाडेल्फियाच्या या बँडचा पहिलाच अल्बम बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. गायक, गिटारिस्ट आणि गीतकार टॉम कीफरला तोच साचा पुन्हा वापरता आला असता. त्याने मात्र आपल्या मुळातल्या आवडीकडे, ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या जुन्या गानपरंपरेकडे, मोर्चा वळवला.

‘लाँग कोल्ड विंटर’ची पहिली दोन मिनिटं हेडफोन लावून ऐक. ‘बॅड सीमस्ट्रेस ब्लूज’मध्ये सुरुवातीला ड्रम नाहीत, अ‍ॅम्पची (गिटारचा आवाज वाढवणाऱ्या यंत्राची) गुरगुर नाही. गिटारच्या तारेवरून घसरत जाणारी स्लाइड (बोटात घालायची नळी), हार्मोनिका आणि कीफरचा खरखरीत गळा, बस्स. स्लाइड एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली जागा कशी भरते ते बघ, आपल्याकडच्या मींडेसारखी. मग अख्खा बँड एकदम कोसळतो. तो दणका मोठा वाटतो तो आधीच्या मोकळ्या जागेमुळे. तुमच्या डेमोत पहिल्या सेकंदापासून सगळे सगळं वाजवतायत, म्हणून कोरस आला तरी काही घडल्यासारखं वाटत नाही.

शीर्षकगीत तर संथ ब्लूज आहे. इतक्या कमी लयीत लपायला जागाच नसते. सूर किती वेळ धरायचा, कंप कधी द्यायचा, सगळं उघडं पडतं. तू फास्ट सोलो छान वाजवतोस, मला ते आवडतं, पण एक सूर चार मात्रा धरून ऐकणाऱ्याला खिळवून ठेवणं तुला अजून यायचंय. यापुढे रियाजाचा अर्धा वेळ याच गोष्टीला दे.

मात्र आपला हुकमी पत्ता या बँडने टाकून दिला नाही, हेही लक्षात घे. सोबत गाता येईल असा कोरस त्यांच्याकडे पहिल्यापासून होता आणि तो ‘जिप्सी रोड’मध्येही आहे. पियानोवर सुरू होणारं ‘डोन्ट नो व्हॉट यू गॉट’ अमेरिकेत बाराव्या क्रमांकापर्यंत चढलं. वाढ म्हणजे जुनं सगळं पुसून टाकणं, असं जे तुझ्या डोक्यात बसलंय ते काढून टाक. तुमच्या पहिल्या ईपीतले (मोजक्या गाण्यांच्या छोट्या अल्बममधले) कोरस लोकांना पाठ आहेत, ते का सोडताय?

‘लाँग कोल्ड विंटर’चा निर्माता अँडी जॉन्स होता. लेड झेपलिन आणि रोलिंग स्टोन्स या नामांकित रॉक बँडच्या अल्बमवर ध्वनिमुद्रक म्हणून काम केलेला माणूस. पण त्याने आणि बँडने घेतलेला एक निर्णय मला नेहमी विचारात पाडतो. बँडचा ड्रमर फ्रेड कूरी असतानाही या अल्बमवरचे ड्रम कोझी पॉवेल आणि डेनी कारमासी यांनी वाजवले. ऐकायला मस्त आहे, तरी तुला मी हा रस्ता सुचवणार नाही. तुम्ही अजून एकत्र घडताय. ड्रमरला जमत नसेल तर ठेका सोपा करा, माणूस बदलू नका.

‘हार्टब्रेक स्टेशन’मध्ये ते आणखी पुढे गेले. शीर्षकगीताची व्हायोलिन-चेलोची रचना लेड झेपलिनच्या जॉन पॉल जोन्सची आहे. विक्री आधीच्या दोन अल्बमपेक्षा कमी झाली. मला स्वतःला ‘लाँग कोल्ड विंटर’ अधिक भिडतो, कारण त्यात जुनी धार आणि नवी समज एकाच गाण्यात भेटतात. पण तिसऱ्या अल्बमवरचं धाडस मला मनापासून पटतं.

तुमच्या गायकासाठी एक गोष्ट, आणि ही पुढे ढकलायची नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कीफरच्या डाव्या स्वरतंतूला अंशतः पक्षाघात झाला. त्याला गाणं जवळपास पहिल्यापासून शिकावं लागलं, शस्त्रक्रियाही कराव्या लागल्या. तुमचा पोरगा किंचाळून गातो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज बसलेला असतो. अल्बम महिनाभर लांबला तरी चालेल, पण त्याला आधी चांगल्या गुरूकडे पाठव आणि घसा डॉक्टरांना दाखवून घे.

पुढच्या आठवड्यात तुमचं तिसरं गाणं ड्रमशिवाय, एक गिटार आणि एक आवाज एवढ्यावरच मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठव. चाल तेवढ्यावर उभी राहिली तर मांडणीचं फोनवर बोलू. नाही राहिली, तर दुसरा अंतरा मुळातूनच नव्याने लिहावा लागेल.

तुझा,
सर