विहिरीत पोहणाऱ्याला स्कुबासाठी मेडिकल कशाला?

तुमचा प्रश्न असा: चंद्रपूरकडे खेड्यात राहता, लहानपणापासून विहिरीत पोहता, दिवाळीनंतर तारकर्लीला स्कुबा, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन समुद्रात बुडी, करायचं आहे. लहानपणी कान वाहायचा, घरात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे. चालेल का?

भाऊ, मीही यवतमाळकडचा. पाठीला वाळला भोपळा बांधून विहिरीतच शिकलो. त्याच गुर्मीत तारकर्लीला गेलो अन् कान धरून परत आलो.

विहिरीनं आपल्याला दोन सवयी लावल्या: श्वास कोंडून तळ गाठायचा, अन् कान दुखला तरी सोसायचं. स्कुबात दोन्ही घातक.

रिकामा गडवा पालथा धरून 10 मीटर खाली नेला तर तो अर्धा पाण्यानं भरेल. तिथं दाब वरच्या दुप्पट, म्हणून आतली हवा निम्म्यात आवळते. आता उलटं बघा. सिलिंडरची हवा त्या खालच्या दाबानंच छातीत भरते. ती कोंडून वर आलात तर फुगत दुप्पट व्हायला बघते, अन् फुप्फुस फाटू शकतं. छाती भरलेली असेल तर दीड-दोन मीटरवरूनही. विहिरीत हे होत नाही, कारण हवा आपण वरूनच घेऊन जातो. म्हणून पाण्यात श्वास चालूच ठेवायचा. दमा, जुना टीबी, कधी छातीत हवा भरून फुप्फुस बसलेलं, हे बुडीआधी भरायच्या मेडिकल फॉर्मवर विचारतात ते यासाठीच. फिट येत असेल तर विषयच संपला. बीपी, शुगर, हृदयाचं काही, किंवा वय 45 च्या वर असेल तर आधी डॉक्टरची सही घ्या.

आता कान. मला तेव्हा पडसं होतं. फॉर्मवर तोही प्रश्न होता, मी ‘नाही’वर खूण केली. दोन दिवसांचा प्रवास, पैसे भरलेले, कोण माघार घेणार! तीनेक मीटरवर डाव्या कानात दाभण टोचल्यासारखं झालं. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून फुंकलं, पण कान काही उघडेना. खूण करून वर यायचं सोडून मी सोसत बसलो. वर आलो तर मास्कमध्ये रक्त. पडद्यामागे रक्त साकळलं होतं. तीन आठवडे त्या कानाला सगळं रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं ऐकू यायचं. फुंकायचं ते दुखायच्या आधी, मीटर-मीटरला, अन् हळू. तुमचा तर कान वाहायचा. पडद्याला भोक राहिलं असेल तर थंड पाणी आत जाऊन समुद्रात गरगरायला होईल. आधी कान-नाक-घसावाल्याला दाखवा, बुकिंग मग.

सिकलसेलचं: घरात आहे म्हणजे तुमची तपासणी झालीच पाहिजे. नुसत्या सोल्युबिलिटी या पहिल्या रक्तचाचणीवर थांबू नका, इलेक्ट्रोफोरेसिस करा; आजार आहे की नुसते वाहक, ते त्यातच कळतं. एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजारच, निघालं तर स्कुबा नको. थंडी, दमछाक अन् अंगातलं पाणी कमी होणं यांनीच त्रास उठतो. एएस म्हणजे नुसते वाहक असाल तर रिपोर्ट डॉक्टरला दाखवून विचारा, अन् फॉर्मवर लपवू नका.

बुडीत अंगात मुरलेला नायट्रोजन लगेच उंचीवर गेलं तर बुडबुडे करून त्रास देऊ शकतो. म्हणून परतताना गोव्याहून विमान असेल तर एका बुडीनंतर निदान 12 तास, जास्त बुड्या किंवा सलग दिवस असतील तर 18 तास थांबा. आंबोली घाटही 690 मीटर चढतो, तोही त्याच संध्याकाळी नको. एक रात्र मालवणात काढा, मासे खा.