प्रागला गेलेली पोरगी रोज रडतेय, परत बोलवून घेऊ का?

मी समुपदेशन करते. परदेशात एका वर्षासाठी शिकायला गेलेल्या मुलांच्या आयांचे फोन मला साधारण ऑक्टोबर संपता संपता यायला लागतात. शहर बदलतं, प्रश्न तोच. "मॅडम, रोज रडतेय, परत यायचं म्हणतेय, बोलवून घेऊ का?" याला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता येत नाही मला, म्हणून एक केस सांगते. नाव-गाव बदललंय आणि तिला विचारूनच लिहितेय.

मैत्रेयी कराडची. एम.ए. इतिहास करत होती, इरास्मसची (युरोपियन युनियनची) स्कॉलरशिप मिळाली आणि चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात दोन सेमिस्टरसाठी गेली. विद्यापीठ १३४८ सालचं, त्यामुळे इकडे कॉलेजात सत्कार, शाल-श्रीफळ, लोकल पेपरला फोटो, सगळं साग्रसंगीत झालेलं. आणि पाचव्या आठवड्यात आईचा मला फोन.

पहिल्या सेशनला माझ्याकडे रात्रीचे साडेनऊ, तिच्याकडे संध्याकाळचे पाच, पण मागच्या खिडकीत अंधारून आलेलं. नोव्हेंबरची सुरुवात होती ती. डिसेंबरात तर तिकडे चारलाच सूर्य मावळतो, हे आपल्याकडच्या लोकांना सांगून खरं वाटत नाही. तिने पहिलं वाक्य काय म्हटलं माहितीये? "मॅडम, मला इथे वाईट वाटून घ्यायची पण सोय नाहीये." फोटो टाकला की खाली पन्नास जण "काय नशीब गं तुझं" लिहिणार, मैत्रिणी म्हणणार आम्हाला पण घेऊन जा, मग ही कुणाला सांगणार की मी काल दिवसभर अंथरुणातून उठले नाही म्हणून.

इथे मी एक चूक केली, ती आधी सांगून टाकते. मी म्हटलं, अगं खोलीत बसू नकोस, बाहेर पड, शहर बघ, एवढं सुंदर शहर आहे. ती गेली बिचारी चार्ल्स पुलावर. पुढच्या सेशनला सांगत होती, की पुलावर चालायला जागा नव्हती, जो तो फोटो काढतोय, एका जोडप्याने हिलाच फोन दिला आमचा फोटो काढा म्हणून, हिने काढला, छान आला म्हणून त्यांनी थँक्यू म्हटलं, आणि मग पुलावरच्या तीस पुतळ्यांपैकी कुठल्यातरी एका पुतळ्याच्या आड उभी राहून ही रडली. मी जीभ चावली.

पण त्यातूनच मला मुद्दा कळला. अशा जुन्या, गाजलेल्या राजधानीत राहायला गेलं की आजूबाजूला दिसणारी निम्मी माणसं तीन दिवसांच्या सुट्टीवर आलेली असतात. ती हसणारच ना, पैसे भरून हसायला आलीयेत. हिला मात्र तिथे कपडे धुवायचेत, वर्षात साठ क्रेडिट भरायचेत, नऊच्या लेक्चरला जायचंय. ही स्वतःला टुरिस्टांच्या शेजारी उभं करून बघत होती आणि म्हणत होती माझ्यातच काहीतरी कमी आहे.

मग मी "कसं वाटतंय" विचारणं सोडून दिलं आणि कालचा दिवस तासातासाने लिहून आण म्हटलं. ही वही मी सगळ्यांना करायला लावते, भावनांपेक्षा ती जास्त खरं बोलते.

तर वहीत असं निघालं, की बाबा दुकान बंद करून साडेनऊला घरी येतात तेव्हा एक व्हिडिओ कॉल. तो संपला की ही खोलीत एकटी. मग आई पहाटे पाचला उठते, चहा ठेवते, त्या वेळी दुसरा कॉल. आपल्याकडचे पाच म्हणजे तिथले रात्रीचे साडेबारा, आणि ऑक्टोबरात तर दीड, कारण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे जातात आणि साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो. म्हणजे आईच्या चहासाठी ही रोज मध्यरात्र उलटेपर्यंत जागी, झोपायला दोन, नऊचं लेक्चर बुडालं, अकराला उठली की उजेडाचे राहिले पाच-सहा तास. त्यात शाकाहारी, त्यामुळे मेसमध्ये रोज तळलेलं चीज आणि बटाटे. अहो, अशा दिनचर्येत तुम्हाला-मला कराडात ठेवलं तरी रडू येईल! माझा अनुभव असा आहे की "निर्णय चुकला" म्हणणाऱ्या मुलांची आधी झोप बघावी, निर्णय नंतर.

आता पहाटेचा कॉल बंद करायचा तर आईशी बोलणं भाग होतं. त्या माझ्यावर चिडल्याच. "माझ्या पोरीशी बोलायला मी टायमिंग लावायचं?" मी म्हटलं, ताई, एक आठवडा करून बघा. दिवसातून एकच कॉल, तिथले दुपारचे दोन, आपले साडेसहा, वीस मिनिटं. आणि जेवलीस का, रडलीस का हे विचारायचं नाही, तुम्ही तुमचं सांगायचं, कुणाचं लग्न ठरलं, शेजारणीशी कशावरून वाजलं. त्या गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "पहाटे घरात दुसरं कोण असतं हो मॅडम बोलायला?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे एक नाही, दोन क्लायंट आहेत.

मैत्रेयीला सांगितलं, परत यायचा हक्क तुझा आहे, तो कुणी काढून घेत नाही, पण निर्णय १५ फेब्रुवारीला. तोपर्यंत विषय बंद. ही तारीख मी हवेतून नाही काढली, तिकडे हिवाळी सेमिस्टरच्या परीक्षा जानेवारीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात, बऱ्याचशा तोंडी असतात, तारीख विद्यार्थी स्वतः निवडतात आणि नापास झालं तर पुन्हा बसता येतं. हे तिला माहीतच नव्हतं. ती आपल्याकडच्यासारखा एकच पेपर, एकच दिवस, गेला की गेला असं धरून बसलेली.

आणि साइटसीइंग बंद! त्याऐवजी एकच दुकान, एकच बाजार, दर आठवड्याला. तिची तक्रार होती की दुकानातल्या बायका माझ्याकडे रागाने बघतात. मी विचारलं, आत गेल्यावर काय बोलतेस? म्हणे काहीच नाही, सामान घेते, कार्ड लावते. आता तिकडे छोट्या दुकानात शिरताना "दोब्री देन" म्हणजे नमस्कार म्हणायचं आणि निघताना "ना स्ख्लेदानोऊ", म्हणजे येते, ही साधी रीत आहे, आणि अनोळखी माणसाकडे बघून उगाच हसायची रीत नाही. राग कुणाचाच नव्हता. हे तिला तिच्या स्लोव्हाक रूममेटने सांगितलं, जिच्याशी ही महिनाभर हाय-हॅलोपलीकडे बोलली नव्हती, कारण कानात सतत कराड चालू.

नोव्हेंबरमधल्या दोन गोष्टी तिने मला सांगितल्या त्या तशाच देते. १७ नोव्हेंबरला सुट्टी असते तिथे. १९३९ मध्ये नाझींनी चेक विद्यापीठं बंद केली, त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून १९८९ ला विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला, पोलिसांनी नारोद्नी रस्त्यावर त्यांना झोडपलं आणि तिथून कम्युनिस्ट सरकार कोसळायला सुरुवात झाली. त्या जागी एका कमानीखाली भिंतीवर हातांचे पंजे कोरलेली छोटी ब्राँझची पाटी आहे, लोक तिथे मेणबत्त्या लावतात. रूममेट हिला घेऊन गेली. दिवाळी नुकतीच सरलेली, हिने खोलीत एक पणतीसुद्धा लावली नव्हती, आणि इथे थंडीत रांगेत उभी राहून, पुढच्या आजीबाईच्या मेणबत्तीवरून आपली पेटवून घेतली. "पहिल्यांदा फोन काढावासा वाटला नाही," म्हणाली.

दुसरी गोष्ट मधाची. प्रागच्या व्लतावा नदीच्या काठावर नाप्लावकाला शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. तिथे एक म्हातारा बरण्या घेऊन बसलेला, हिने बोट दाखवून हे काय असं खुणेने विचारलं, तो म्हणाला "मेद", म्हणजे त्यांच्या भाषेत मधच. ही म्हणाली "मध?" तो म्हणाला "मेद, मेद!" ही पुन्हा "मध!" असं दोघांचं चाललेलं आणि मागची रांग खोळंबली. बरणी घेऊन आली, रोज दुधात घालून प्यायची. मला स्क्रीनवर ती बरणी दाखवताना तिचा चेहरा मी बघितला आणि वहीत नोंद केली, झोप साडेअकरा.

सगळ्याच मुलांनी थांबावं असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. दोन वर्षांपूर्वी एका मुलाला मी स्वतः परत बोलवा म्हणून सांगितलं होतं. झोप, जेवण, रूटीन सगळं बघून झालं तरी दोन-तीन आठवडे अंघोळ नाही, कुणाशी बोलणं नाही, आणि जगण्यात अर्थ नाही अशी भाषा. हे होमसिक नाही, तिथे तारखा देत बसायचं नसतं. विद्यापीठाचं समुपदेशन केंद्र गाठायचं, डॉक्टर गाठायचा, आणि जिवाची भीती वाटली तर युरोपात कुठेही ११२ लावायचा. तो मुलगा घरी आला, उपचार घेतले, शिकतोय. त्याचं वर्ष वाया गेलं असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी फोनवरच दोन शब्द सुनावलेत.

१५ फेब्रुवारीला मैत्रेयी सेशनला आली. तीन विषय पास, एक नापास, त्याची पुन्हा तोंडी पुढच्या आठवड्यात. प्राग आवडतं का विचारलं तर म्हणाली, "आवडतं असं नाही मॅडम, पण आता ट्रॅममध्ये बसल्यावर स्टॉप मोजावे लागत नाहीत." परत यायचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. मार्चमध्ये तिची फाईल बंद केली.

आईची अजून चालू आहे. त्या अजूनही पाचला उठतात, चहा ठेवतात, फोन हातात घेतात आणि पालथा ठेवून देतात.