आधी विचार, मग बॅग उचल

बर्लिन, मे २०२२

प्रिय पोरा,

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. कॉलेज सांभाळून दर शनिवारी क्राकोवहून पोलंडच्या सीमेवरच्या प्शेमिशलला, युक्रेनमधल्या युद्धातून आलेल्यांच्या मदतीला जातोस, त्याबद्दल शाबासकी देत बसत नाही. कोल्हापूरचा आहेस, दारात आलेल्याला पाणी विचारायला तुला शिकवायला नको. पण त्या बाईशी तू अर्धा तास वाद घातलास हे वाचून मला राग आला. दोन मुलं घेऊन ती युक्रेनमधल्या ल्विव्हला परत जायच्या रांगेत उभी होती, आणि तू तिला "जाऊ नका" म्हणून समजावत राहिलास. वर मला विचारतोस, लोक परतच जाणार असतील तर आपण हे सगळं करतोय कशासाठी?

अरे, ती का चालली आहे हे तिला विचारलंस का? चार पानांच्या पत्रात ते कुठेच नाही. नवरा तिथे असेल, आई अंथरुणाला खिळलेली असेल, पैसे संपले असतील. तिकडे बॉम्ब पडतात हे तू तिला सांगणार? ती तिथूनच आली आहे.

आधी विचारायचं, मग बॅग उचलायची. तुला सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे, आणि तेही मी माणसांना त्रास देऊन शिकले.

मार्चमधली गोष्ट. बर्लिनच्या मुख्य स्थानकावर वॉर्सोहून येणाऱ्या गाड्या माणसांनी खच्चून भरलेल्या असायच्या. आम्हा मदत करणाऱ्यांत ज्यांना रशियन किंवा युक्रेनियन भाषा येते त्यांना नारिंगी जाकीट, बाकीच्यांना पिवळं. माझं पिवळं. एका संध्याकाळी एक आजी आणि तिचा दहाएक वर्षांचा नातू उतरले. बाहेर दुसऱ्या शहराला जाणारी बस उभी होती, तिच्यात नेमक्या दोन जागा होत्या. आजी प्लॅटफॉर्मकडे बोट दाखवून सारखी म्हणत होती, "सेस्त्रा, सेस्त्रा." मी ऐकलं 'सिस्टर'. आपल्याकडे दवाखान्यात म्हणतात ना, तसं. मला वाटलं हिला बरं वाटत नाहीये, नर्स हवी आहे. मी धावत जाऊन प्रथमोपचारवाल्या मुलीला घेऊन आले. तिने रक्तदाब बघितला, ठीक निघाला. मग मी आजीची पिशवी उचलली. पिशवी गेली तशी आजीही मागोमाग आली. दार बंद झालं आणि मला हायसं वाटलं. दोन जागा भरल्या!

पुढच्या गाडीतून तिची बहीण उतरली. तोच चेहरा, तशीच हनुवटी. हातातल्या कागदावर आजीचं नाव. आजीचा फोन बंद पडलेला. नारिंगी जाकिटातला एक मुलगा मला हळू आवाजात म्हणाला, "सेस्त्रा म्हणजे बहीण." त्या दोघींची गाठ चार दिवसांनी पडली. दहा पावलांवर नारिंगी जाकीट उभं होतं, विचारायला दोन मिनिटं लागली असती. मी विचारलं नाही, कारण मला बस भरायची होती.

तेव्हापासून मी हट्टी झाले. एप्रिलमध्ये तीन जागा रिकाम्या ठेवून बस सोडली, कारण त्या तिघींना कुठे जायचं ते अजून ठरवता येत नव्हतं. बस लावणारा माझ्यावर ओरडला. रात्रभर लोक जमिनीवर झोपणार आणि तुम्ही जागा वाया घालवता, म्हणाला. त्याचंही खरं होतं. तरी उद्या तीच वेळ आली तर मी तेच करीन. ४ मार्चला युरोपीय संघाने २००१ सालचा तात्पुरत्या संरक्षणाचा नियम पहिल्यांदाच लागू केला, त्यात कुठल्या देशात आसरा घ्यायचा हे त्या माणसांवर सोपवलं आहे. मग बसच्या दारात उभं राहून ते मी का ठरवावं?

तुझं दुसरं दुःख, एका बाईने तुझ्या हातातून बॅग हिसकावली. हिसकावणारच. अठरा ते साठ वयाच्या पुरुषांना तिकडून बाहेर पडायला बंदी आहे, म्हणून येतात त्या बहुतेक बायका, मुलं, म्हातारी माणसं. रात्रीच्या वेळी परका तरुण येतो, न विचारता सामानाला हात घालतो. बायका-मुलींना फसवून नेणारे अशाच जागी टपलेले असतात, ते तिनेही ऐकलेलं असतं. तू चांगला आहेस हे तुझ्या कपाळावर लिहिलेलं नाही. दोन हात लांब उभा राहा. पासपोर्ट हातात घेऊ नकोस. गाडीने पाठवायचं झालं तर नंबरप्लेटचा फोटो तिलाच काढू दे, तिच्या माणसांना पाठवू दे, मगच दार उघड. आणि नाही म्हणाली तर रागावू नकोस रे, नाही म्हणायची ताकद तिच्यात उरली आहे हे चांगलंच आहे.

माझं आजोळ कोल्हापूरजवळच्या वळिवड्याकडचं. १९४३ ते ४८ तिथे पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती, त्यातही बायका-मुलंच जास्त. आज ज्याला आपण गांधीनगर म्हणतो आणि कापड घ्यायला जातो, ते त्याच जागेवर नंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवलं. त्या पोलिश लोकांतले कितीतरी ल्विव्हच्या बाजूचे होते. तेव्हा तो भाग पोलंडमध्ये होता. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा तो सोव्हिएत संघात गेला होता. माझी आजी म्हणायची, छावणीतल्या बायका नीट राहिल्या, पोरांची शाळा चालवली, पण "घरी कधी जायचं" हे शेवटपर्यंत त्यांच्या तोंडी होतं. त्यांना परतायला घरच उरलं नाही. तू अडवलेल्या बाईचं घर, देवाच्या दयेने, अजून त्याच शहरात आहे. तिला रांगेत पाणी दे, मुलांना काही खायला दे, आणि जाऊ दे. तीही मदतच आहे. महिनाभराने ती पुन्हा आली, तर ज्याने वाद घातला नाही त्याच्याकडेच येईल.

किव्हकडची गाडी प्शेमिशलला का संपते ते तू बघितलं असशील, तिकडे दोन रुळांमधलं अंतर १५२० मिलिमीटर आणि पोलंडमध्ये १४३५. पूर्वी आपल्याकडे मिरजेला गेज बदलायचा म्हणून गाडी बदलावी लागायची, तसंच. सामान, पोरं, म्हातारी माणसं, सगळ्यांना उतरावंच लागतं, आणि त्या पाच मिनिटांत माणूस पुरता गोंधळलेला असतो. तुझं खरं काम त्या पाच मिनिटांत आहे. तेव्हाच विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं.

दोन वाक्यं पाठ कर. "कुदी वाम त्रेबा?" म्हणजे तुम्हाला कुठे जायचंय. "कोहो वि चेकायेते?" म्हणजे कुणाची वाट बघताय. उच्चार चुकला तरी कळतं त्यांना. शनिवारी जाताना फोन चार्ज करायला पॉवर बँक ने, एक नाही, दोन ने. आणि ती बाई पुन्हा दिसली तर माफी माग.

तुझी,
मावशी