अंगणवाडीत घातलं तर पोर मागं पडेल का?

"जावेच्या पोराला ए टू झेड लिहिता येतंय मॅडम. आमची अजून पाटीवर रेघोट्याच मारते."

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका गावची ही आई. मुलगी ऑगस्टमध्ये चार पूर्ण करणार, गावच्या अंगणवाडीत जाते. पुतण्या व्हॅनमधून खासगी एलकेजीला. आजोबांचं मत ठाम: अंगणवाडी म्हणजे अंडं खाऊन घरी यायची जागा. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.)

आईशी बोलता बोलता मी मुलीपुढे चिंचोके ठेवले. तिने बोट लावत पाच मोजले. शेळीला पिल्लू झालं ते कसं उभं राहिलं, हे सलग सांगितलं. मध्येच एक कन्नड बडबडगीत म्हटलं. मी डबा झाकला तर हट्ट न करता वाट बघितली. या वयात मी हेच तपासते. अक्षरं गिरवायला बोटांत अजून ताकद यायची असते. ती मातीत, मण्यांत, कणकेच्या गोळ्यात येते.

म्हणून प्रत्येक अंगणवाडी चांगली, असं मात्र मी म्हणणार नाही. अंगणवाड्या ज्यात चालतात त्या १९७५ पासूनच्या एकात्मिक बालविकास योजनेत तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शालापूर्व शिक्षण आहेच, पण वजनं, लसीकरणाचा दिवस, गरोदर बायकांचा आहार, मोबाईलवर पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये नोंदी भरणं, हेही त्याच टीचरच्या गळ्यात. शिकवणं उरलेल्या वेळात. म्हणून म्हटलं, एकदा न सांगता सकाळी जाऊन बसा. गोष्ट सांगतात का? मूल मराठीत बोललं तर टीचरला कळतं का? कळत असेल तर सोबतीला कन्नड कानावर पडणं फायद्याचंच. खेळणी मुलांच्या हातात आहेत की कपाटात?

मुलीच्या वडिलांचा कल खासगीकडे होता. त्यांना मी वयाचा हिशेब मांडून दाखवला. कर्नाटकात नियमाप्रमाणे पहिलीला १ जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात. २०२५-२६ मध्ये साडेपाचच्या आसपास सूट मिळाली होती, पण अशा सवलतीच्या भरवशावर पोराचं वर्ष ठरवू नये. या जूनला एलकेजी, पुढच्या जूनला यूकेजी, तर पहिलीच्या वेळी मुलगी पाच वर्षं दहा महिन्यांची. म्हणजे एक वर्ष तेच पुन्हा, फी भरून. हे ऐकून ते गप्पच झाले. इतक्या आईबापांना हा हिशेब शाळेच्या दारात कळतो!

आई जाऊन बघून आली. टीचर बोलकी निघाली; खेळण्यांची पेटी मात्र कुलपात, हरवलं तर जबाब कोण देणार म्हणून. अंगणवाडीवर देखरेख ठेवणाऱ्या बालविकास समितीत आईनेच विषय काढला आणि पेटी बाहेर आली. यंदा मुलगी तिथंच राहील. काही सरकारी शाळांत आता एलकेजी-यूकेजी सुरू झालंय, तसं जवळपास कुठं आहे का, याची मुलीचे वडील पुढच्या जूनआधी चौकशी करणार आहेत. आजोबांचं मत अजून तेच आहे.