घरी बसलं की मन पळतं

प्रश्न : महिन्यापूर्वी इगतपुरीचं १० दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. घरी मात्र डोळे मिटले की दोन मिनिटांत मन ऑफिसात! कुठे चुकतंय?

उत्तर : मन पळणं ही चूक नाहीच. पळालं म्हणून स्वतःवर चिडणं, ही खरी अडचण. शिबिरात पहिले साडेतीन दिवस नुसतं आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास पाहणं, करून घेतात, ते उगीच नाही. घरी ती पायरी गाळून थेट अंगभर संवेदना शोधायला गेलं की असंच होतं. म्हणून तासाच्या बैठकीत पहिली १०-१५ मिनिटं नाकपुड्यांखाली, वरच्या ओठाच्या वर, श्वासाचा स्पर्श बघा. आत येताना गार, बाहेर जाताना किंचित कोमट. श्वास मुद्दाम लांबवू नका, तो प्राणायाम झाला. स्पर्श हरवलाच तर चार-पाच श्वास जरा जोरात घ्या, मग पुन्हा सहज.

विचाराशी हुज्जत नको. साहेबांचा मेल आठवला? जबडा आवळलाय का, पोटात गोळा आलाय का, एवढं पाहा आणि परत श्वासावर या. 'हा विचार आला कुठून?' हे शोधत बसणं म्हणजे पुन्हा विचारच. मुरलेले साधकही इथे फसतात.

दिवसभरात फोन वाजला की उचलण्याआधी एक श्वास पाहा. भांडी घासताना हाताला लागणारं पाणी पाहा.

जेवून लगेच बसू नका, डुलक्या येतात. बसल्यावर जुने आघात वर येऊन रात्रीची झोपच उडत असेल, तर बैठक थांबवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.