वॉशिंग्टनमध्ये राहावं की मॉन्टगोमेरी काउंटीत?

नोकरी वॉशिंग्टन डीसीत, सोबत बायको, आठ वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी. मग शहरातच राहावं की शेजारच्या मेरीलँडमधल्या मॉन्टगोमेरी काउंटीत, आणि ‘तिकडे संध्याकाळी सातनंतर कुत्रंही दिसत नाही’ हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. कुत्री दिसतात हो, दोरीला बांधलेली आणि मागे पिशवी घेतलेले मालक. बाकी माणसं कमी दिसतात, हे मान्य.

पण काउंटी म्हणजे एखादी कॉलनी नव्हे. आपल्या जिल्ह्यासारखा प्रकार आहे, वस्ती दहा लाखांच्या वर. बेथेस्डा आणि सिल्व्हर स्प्रिंग शहराला खेटून आहेत, तिथे उंच इमारती आणि खाली हॉटेलं. रॉकव्हिल हे मुख्य ठाणं. आणखी वर गेदर्सबर्ग, जर्मनटाउन, क्लार्क्सबर्ग, म्हणजे नवी मोठी घरं आणि भरपूर देशी मंडळी. तुम्हालाही सगळे तिकडेच ओढतील. माझं मत वेगळं आहे. पहिली दोन वर्षं तरी मेट्रोच्या रेड लाइनच्या स्टेशनपासून चालत जाता येईल असा दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्याने घ्या, लहान असला तरी चालेल.

कारण पहिल्या वर्षी खरा प्रश्न तुमचा नसतो, बायकोचा असतो. तुम्ही सकाळी निघून जाल. त्यांच्याकडे इथलं लायसन्स नसेल, घर आडबाजूला असेल, तर लहान मुलीला घेऊन त्या चार भिंतींत अडकतील. स्टेशनजवळ राहिलं की वाचनालय, किराणा, बाग पायी होतं, आणि कंटाळा आला की गाडी पकडून थेट शहर. स्मिथसोनियन या संस्थेची शहरातली म्युझियम्स आणि प्राणिसंग्रहालय फुकट आहेत. तीन वर्षांच्या मुलीसोबत याची किंमत कळते: हत्ती बघितला, रडारड सुरू झाली, तासाभरात घरी. तिकिटाचे पैसे वसूल करायचे म्हणून कुणाला फरफटत न्यावं लागत नाही.

शेडी ग्रोव्ह हे रेड लाइनच्या एका टोकाचं स्टेशन, त्यामुळे सकाळी बसायला जागा मिळते. शहराच्या मध्यात साधारण पाऊण तासात पोचता. व्हीटनला राहिलात तर मुलगा खूश होईल. तिथल्या रेड लाइन स्टेशनातला सरकता जिना ७० मीटर लांब आहे, पश्चिम गोलार्धातला एकसलग असा सगळ्यात लांब. बिघडला की मात्र चढून बघा!

आता मला इथे धरून ठेवणारी गोष्ट. १९८० साली काउंटीने सुमारे ९३,००० एकर, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश जमीन, शेतीसाठी राखून ठेवली. तिथे पंचवीस एकरांना एकच घर बांधता येतं. शेतकऱ्यांचं नुकसान होऊ नये म्हणून बांधकामाचे हक्क विकायची मुभा दिली; ते हक्क बिल्डर विकत घेतात आणि ठरवून दिलेल्या दुसऱ्या भागांत जास्त घरं बांधतात. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आठवल्या की हे वाचून जीव जळतो. परिणाम असा, की पूलसव्हिलच्या बाजूला गेलं की मक्याची शेतं लागतात. मे-जूनमध्ये शेतात जाऊन स्ट्रॉबेऱ्या स्वतः तोडायच्या, टोपली वजन करून पैसे द्यायचे. पोरं वजनाआधीच निम्म्या खातात, शेतकरी बघून न बघितल्यासारखं करतात.

खायची आबाळ नाही. रॉकव्हिलला चिनी, व्हीटनला लॅटिन अमेरिकन, सिल्व्हर स्प्रिंगला इथियोपियन. त्यांचा इंजेरा म्हणजे आपल्या आंबोळीची लांबची बहीण. गणपती, नाटक यांसाठी मराठी कला मंडळ आहे. लॅनहॅमचं शिवविष्णू मंदिर शेजारच्या काउंटीत आहे.

त्रासाचंही ऐका. राज्याच्या आयकरावर काउंटीचा आयकर वेगळा, तीन टक्क्यांच्या वर. पगाराचं गणित करताना तो विसरू नका. दारूची घाऊक विक्री काउंटीच्या हातात, बहुतेक सुपरमार्केटांत साधी बिअरही नाही. उन्हाळा मुंबईसारखा चिकट. बर्फ पडून थांबला की घरासमोरचा फुटपाथ चोवीस तासांत साफ करायचा, हा कायदाच आहे. फ्लॅट असेल तर ते इमारतवाले बघतात, हाही एक मुद्दा माझ्या बाजूने. आणि मुलीचं: सरकारी शाळेत बालवर्गाला १ सप्टेंबरला पाच वर्षं पूर्ण लागतात. तोवर पाळणाघर, आणि ते घरभाड्याच्या जवळपास जाऊ शकतं.

मुलाची शाळा पत्त्यावरून ठरते. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या शाळा असू शकतात, तेव्हा करारावर सही करण्याआधी तो नेमका पत्ता शाळाखात्याच्या साइटवर टाकून बघा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका. प्राथमिक शाळा एक मैलाच्या आत असेल तर बस साधारणपणे मिळत नाही, पोराला चालत सोडावं लागेल.

ऑफिस कुठल्या स्टेशनजवळ आहे आणि भाड्याला किती काढू शकता, एवढं कळवा. त्यावरून ग्रोव्हनर स्टेशनजवळ राहायचं की ट्विनब्रुकजवळ ते सांगते.